मी, कामावर

आमच्या पुढच्या खोलीत, घड्याळाच्या खाली, मामाचा एक फोटो होता. त्यात मामा एका अवाढव्य ऑर्गनपुढे बसलेला. मागे छतापर्यंत गेलेल्या सोनेरी नळ्या, पुढे एकावर एक पट्ट्यांच्या रांगा आणि त्या पट्ट्यांवर मामाचे दोन्ही हात. मान किंचित तिरकी. चेहरा असा, की आता हा वाजवणार आणि आपण सगळे रडणार. फोटोच्या पाठीवर मामाच्या अक्षरात एवढंच लिहिलेलं: "मी, कामावर."

एवढ्यावर माझ्या आईने भावाचं अख्खं आयुष्य रचलं. मामा शहरात जायला निघाला तेव्हा आजोबांचा विरोध होता. आईने आजोबांच्या शिव्या खाल्ल्या, स्वतःचा नवा स्वेटर त्याच्या ट्रंकेत कोंबला आणि त्याला गाडीत बसवून दिलं. मग बरेच दिवस बातमी एवढीच, की तो एका मोठ्या चर्चमध्ये झाडलोट करतो. ही बातमी आई कुणाला सांगत नसे. आणि मग हा फोटो आला. त्या दिवसापासून आई आमचा जिनासुद्धा ऑर्गनवादकाची बहीण म्हणून उतरायला लागली.

गावात ऑर्गन म्हणजे आमच्या शाळेतली पायपेटी. तिच्यातून सुराच्या आधी झुरळ बाहेर यायचं. संगीताचे मास्तर मला उभं करून गायला लावायचे, थोडं ऐकायचे आणि वर्गाला म्हणायचे, "मामा बघा आणि भाचा बघा!" वर्ग खूश. मामाने मला न भेटताच पुष्कळ छळलेलं आहे.

आई दोनदा भावाकडे जाऊन आली होती. दोन्ही वेळा ऑर्गन दुरुस्तीला काढलेला होता. "एवढं मोठं यंत्र ते, काही ना काही निघायचंच," असं ती परत आल्यावर कौतुकाने सांगायची. जणू यंत्र सारखं बिघडणं हेही मामाच्या मोठेपणातच धरायचं.

पुढे मला शहरात चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली आणि मी मामाकडे उतरलो. इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. फरशीतून दिवसभर वाफ वर यायची, त्यामुळे घरातली माणसं नेहमी नुकतीच धुवून काढल्यासारखी दिसायची. मामी एका दवाखान्यात ड्रेसिंग करायची. तिचं बोलणंही जखमेवर आयोडीन लावल्यासारखं.

"या," मला बघून ती म्हणाली. "तुमच्या मामांचे हात धुवून झाले की जेवायला बसू. फार मोलाचे हात आहेत ते. तुमच्या आईला विचारा."

मामा मोरीशी हात धूत होता; त्याने मान वर केली नाही. मला वाटलं, नवरा-बायकोचं काहीतरी चाललं असेल.

पहिल्याच सुट्टीला मी न सांगता चर्चमध्ये गेलो. म्हटलं, मामाला चकित करू. दार ढकललं तर आत एकच सूर चालू होता. ऊंऽऽऽ. तो थांबला. मग त्याच्या शेजारचा. ऊंऽऽऽ. मी श्रद्धेने बाकावर बसलो. मोठे वादक अशीच सुरुवात करत असतील. चांगला वेळ गेला, खिडकीतलं ऊन माझ्या बुटांवरून पलीकडच्या बाकावर गेलं, तरी सुरुवात काही संपेना. मध्येच सोनेरी नळ्यांच्या पोटातून कुणीतरी ओरडायचं, "पुढचा!" आणि सूर बदलायचा.

मी गॅलरीचा जिना चढून वर गेलो. मामा अगदी फोटोतल्या जागी बसला होता. फक्त उजव्या हाताचं एकच बोट पट्टीवर होतं आणि डाव्या हातात अर्धं खाल्लेलं बिस्कीट.

"पुढचा!" आतून आवाज आला. मामाचं बोट एक घर सरकलं. मग त्याने मला पाहिलं.

त्याचा चेहरा पडला, पण बोट जागचं हललं नाही. आतून हुकूम आला नव्हता ना.

"भाचेबुवा," त्या एकसुरी ऊंकाराच्या वरताण आवाज काढत तो म्हणाला, "ताईला कळवलंस का काही?"

"काय कळवू?"

"तेच म्हणतो मी. काही नाही ना?"

"पुढचा! झोपलास काय रे?" आतून आवाज.

थोड्या वेळाने नळ्यांच्या बाजूचं एक छोटं दार उघडलं आणि डोक्यावर कोळिष्टकं घेऊन एक जाडजूड गृहस्थ रांगत बाहेर आला. हा ऑर्गन लावणारा मेस्त्री. दुसऱ्या गावचा, वर्षातून एक-दोनदा यायचा. त्यानेच मला सगळं उलगडून सांगितलं. तो आत बसून एकेक नळी सुरात लावतो, तेवढा वेळ बाहेर कुणीतरी ती पट्टी दाबून धरावी लागते. "हा माझा सूर धरणारा," मामाच्या पाठीवर थाप मारत तो म्हणाला. "पुष्कळ पाहिले मी. कुणाला शिंक येते, कुणाला डुलकी. हा म्हणजे छत कोसळलं तरी बोट काढायचा नाही."

मामाला ही स्तुती ऐकवत नव्हती. मी सहज म्हणून फोटोचं विचारलं.

"तो होय! मीच काढलेला. नवा कॅमेरा घेतला होता. मीच म्हटलं, दोन्ही हात ठेव बाबा, एका बोटाचा फोटो घरी काय पाठवणार?" आणि मेस्त्री पोट धरून हसला. मामा उरलेलं बिस्कीट रुमालात बांधत होता. बिस्किटाला इतकं नीट बांधलेलं मी कधी पाहिलेलं नाही.

मेस्त्री गेल्यावर मामाने मला ऑर्गनच्या पोटात नेलं. लाज वाटली की काही माणसं गप्प होतात. मामा बोलत सुटला. हा ऑर्गन म्हणे जहाजातून खोक्यांत भरून आला. वाटेत खोकी भिजली आणि कुठली नळी कुठली हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या धुऊन गेल्या. जोडायला आलेल्या कारागिराला नळी आणि तिचं भोक यांची गाठ घालता घालता इतकी वर्षं लागली, की मध्येच त्याने इथं लग्न करून घेतलं. त्याच्या नळ्यांआधी त्याचीच गाठ पडली. तेव्हा हवा भरायला मोटर नव्हती. पडद्यामागे दोन माणसं भाता ओढायची. प्रवचन लांबलं की त्यांना काही काम नसायचं, म्हणून त्यांनी लाकडी भिंतीवर चाकूने एकामागून एक फादर कोरून ठेवले होते. सगळ्यांची तोंडं उघडी. मामाने ते चेहरे हातातल्या दिव्याने मला दाखवले. मोटर आली तेव्हा त्यातला एकजण उरला होता. तो म्हातारा रोज येऊन मोटरजवळ बसायचा आणि म्हणायचा, हिचा श्वास बरोबर नाही. झाडू मारायला आलेल्या मामाला त्यानेच भाता ओढायला शिकवलं, कारण वीज गेली की कुणीतरी लागायचंच. आणि भात्यापासून पट्टीपर्यंत मामा मेस्त्रीच्या हाताखाली पोचला.

"आणि या पुढच्या सोनेरी?" मी विचारलं.

"त्या मुक्या आहेत." मामा दिवा खाली करून म्हणाला. "पहिल्या खऱ्या होत्या. लढाईच्या दिवसांत धातू हवा म्हणून काढून नेल्या आणि वितळवल्या. नंतर पैसा नव्हता. मग साध्या पत्र्याच्या केल्या, वरून सोनेरी रंग. वाजणाऱ्या सगळ्या मागे अंधारात. लोक मात्र यांच्याकडेच बघत बसतात."

मी हात लांबवून एका सोनेरी नळीवर टिचकी मारली.

"बोल की," मामा म्हणाला. "तुझ्या जागी मी असतो तर सोडलं नसतं."

"तुम्ही आईला कधीच का नाही सांगितलंत?"

"मी वाजवतो, असं मी कधी म्हटलेलं नाही. एकदाही नाही."

"वाजवत नाही असंही म्हटलं नाहीत."

"पुढच्या पत्रात कळवणार होतो."

ते पुढचं पत्र माझ्या जन्माच्या आधीपासून यायचं होतं. मीही आईला काही लिहिलं नाही. सांगायचं तर ते त्यानेच.

कदाचित असंच चाललं असतं. पण माझ्या धाकट्या बहिणीचं, आमच्या धाकटीचं, लग्न ठरलं. मुलगा याच शहरातला, आमच्यासारखाच चर्चला जाणारा, पण दुसऱ्या वस्तीतल्या लहान चर्चचा. धाकटीने एकच हट्ट धरला. लग्न मोठ्या चर्चमध्ये, आणि मी दारातून आत येईन तेव्हा ऑर्गनवर मामा. लहानपणापासून ती फोटोखाली उभी राहून टॉवेल डोक्यावर घेऊन नवरी होत आलेली. तिच्या त्या मिरवणुकांना मामाच वाजवायचा. म्हणजे तोंडाने मी वाजवायचो, पण नाव मामाचं.

मामाला ही बातमी पत्राने कळली. त्यापाठोपाठ पत्रिका आली. छापील. खाली वेलबुट्टीत: "ऑर्गनवादन: वधूचे मामा."

मामाने पत्रिका उलटी करून टेबलावर ठेवली. मामीने ती सुलटी केली. "छान छापलीय," ती म्हणाली. "शाई पण उतरत नाही."

"आजच लिहितो ताईला," मामा म्हणाला. कागद घेतला, 'प्रिय ताई' लिहिलं आणि खिडकीतून इस्त्रीवाल्याकडे बघत बसला. संध्याकाळपर्यंत पत्रात तेवढंच होतं.

पत्रिका चर्चमध्येही पोचली. तिथे खरं वादन करणाऱ्या बाई होत्या, गुडघे दुखणाऱ्या, जिना चढताना प्रत्येक पायरीला एक शिवी अर्ध्यावर गिळणाऱ्या. त्यांनी मामाला गाठलं.

"हे काय? मला निवृत्त केलंत आणि सांगितलं नाहीत?"

मामाने सगळं सांगितलं. बाई हसतील अशी त्याची तयारी होती. त्या हसल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "नवरीच्या वेळचा तुकडा लहान आहे. शिकवते. बसा."

मीही दुकानातून सुटल्यावर ते शिकणं बघायला जायचो. मामाला प्रत्येक पट्टीची नाडी माहीत होती, कुठली थंडीत कुरकुरते, कुठलीचा आवाज उशिरा निघतो. पण बोटं! एक पट्टी दाबली की त्याचं बोट तिथंच राहायचं. वाट बघायचं. आतून कुणी "पुढचा" म्हणेपर्यंत ते उठायलाच तयार नसे. बाई ओरडायच्या, "सोडा! सोडा ती! पुढे चला!" मामा दचकून सोडायचा, पुढची दाबायचा आणि पुन्हा नोकरीवर रुजू. लग्नाचा तुकडा म्हणजे एखादी नवरी प्रत्येक फरशीवर थांबून विचार करतेय, असा वाटायचा.

शेवटी बाईंनी झाकण लावलं. "तुम्ही चांगले आहात हो," त्या हळूच म्हणाल्या. "पण हे नाही."

त्या दिवशी घरी येऊन मामाने उजवा हात मामीपुढे धरला.

"काय?" मामी म्हणाली.

"बांध."

मामीला कळायला क्षण लागला. "काय सांगायचं? भाजला? मोडला?"

"जे दिसायला बरं दिसेल ते."

"दिसायला बरे तुम्ही त्या फोटोत होतात." तिने कपाटातून बँडेजची गुंडाळी काढली. "मनगट मुरगळलं म्हणा. अहो, अजून वेळ आहे. पत्र लिहा."

"बांध म्हटलं ना."

मामीने बांधला. दवाखान्यातलं सगळं कसब ओतून, बोटांच्या मुळापासून कोपरापर्यंत. बांधताना ती एकदाही बोलली नाही, आणि मामीने न बोलणं ही त्या घरात आजाराचीच खूण होती.

लग्नाच्या आधी दोन दिवस आई, बाबा आणि धाकटी आले. गाडीतून उतरताच आईची नजर बँडेजवर गेली आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली. लग्नाचं ती विसरलीच. "अरे, हाच हात? देवा, हाच हात मिळाला का?" तिने तो बांधलेला हात दोन्ही हातांत धरला, जणू आत काचेची भांडी आहेत.

मग पुढचे दोन दिवस आईने भावाला चमच्याने भरवलं. मामाला डाव्या हाताने छान जेवता येतं, ते मी पाहिलंय, पण सांगणार कोण? आई घास पुढे करायची, मामा तोंड उघडायचा आणि डोळे मिटायचा. लोकांना वाटलं, वेदना. संध्याकाळी आई बँडेजबाहेर आलेल्या बोटांना मलम चोळायची. "या बोटांनी किती जणांची लग्नं लावली असतील," ती म्हणायची. मामी ठसका लागल्यासारखी उठून आत जायची.

धाकटीने मात्र सगळ्यांवर ताण केली. ती मामाच्या पायाशी बसून म्हणाली, "मामा, वाईट नका वाटून घेऊ. तुम्ही नुसते पुढच्या बाकावर बसा. मी तुमच्याकडे बघत आत येईन. मला तेवढं पुरे."

मामाने मान हलवली. मला वाटलं, आता सांगेल. त्याच्या गळ्यापर्यंत आलंही होतं, ते हलताना दिसलं. पण बाबांनी तेवढ्यात विचारलं, "वादक दुसरा कोण बघितलाय? तुमच्याइतका नसेलच, पण निदान बरा?" आणि ते पुन्हा खाली गेलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. कुठल्याही लग्नाआधी किंवा मोठ्या प्रार्थनेआधी मामा एकटा वर जाऊन सगळ्या पट्ट्या एकदा दाबून बघायचा. कुठली झडप अडकत नाही ना, कुठली नळी आपोआप वाजत राहत नाही ना. हे त्याचं काम होतं, कुणी न सांगता केलेलं. त्या सकाळी बाईंनी त्याला अंगणात विचारलं, "फेरी झाली?" पण आई त्याचा कोपर धरून उभी होती. बांधलेल्या हाताचा माणूस ऑर्गनवर बसलेला दिसला असता तर?

"सगळं ठीक असेल," मामा म्हणाला. बाईंनी बँडेजकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि जिना चढायला लागल्या.

चर्च भरलं. नवऱ्याकडची मंडळी एका बाजूला, आम्ही दुसऱ्या. मामा पुढच्या बाकावर, बांधलेला हात मांडीवर, मानाच्या पाहुण्यासारखा. धाकटी दारात बाबांच्या हाताला धरून उभी राहिली. बाईंनी सुरुवात केली, पहिल्या काही सुरांनी अंगावर काटा आला, धाकटीने पाऊल उचललं. आणि एक सूर वाजला तो थांबेचना.

बाकीचे सूर पुढे गेले, हा मागे राहिला. उंच, नाकातला, अडून बसलेल्या पोरासारखा. ईंऽऽऽ. बाई थांबल्या, तरी तो चालूच. धाकटी पाऊल मागे घेऊन उभी राहिली. वर बाईंनी नळ्या चालू-बंद करायच्या खुंट्या ओढल्या, ढकलल्या. शेवटी मोटर बंद केली. हवा संपत गेली तसा तो सूर रडत रडत खाली उतरला आणि शेवटी हुंदका देऊन गेला. नवऱ्याकडच्या पोरांनी तोंडात रुमाल कोंबले. मोटर पुन्हा सुरू झाली, आणि तो पुन्हा हजर. ईंऽऽऽ. आता मोठेही हसत होते.

मी मामाच्या मागे बसलो होतो. मला त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता. त्याला कुठली नळी ते कळलं होतं. त्याची मान आवाज ऐकताच नेमकी त्या कोपऱ्याकडे वळली होती. बाईंचे गुडघे ऑर्गनच्या पोटातल्या शिडीवर चढणारे नव्हते आणि मेस्त्री त्याच्या गावी. चढणार तर मामाच. पण ती शिडी अशी होती, की दोन हातांशिवाय चढता येत नाही.

आणि धाकटी दारातून त्याच्याकडे बघत होती. सांगितल्याप्रमाणे. रागाने नाही; लहानपणी फोटोकडे बघायची तशी.

पुन्हा मोटर बंद झाली. पुन्हा तो रडका सूर खाली उतरला. कुणीतरी म्हणालं, "टाळ्या वाजवून आणा आता नवरीला." हशा झाला.

मामा उठला. मधल्या वाटेने चालताना त्याने बँडेजचं टोक दातात धरलं आणि ओढलं. मामीने इतकं घट्ट बांधलेलं, की ते सुटता सुटेना. तो चालत होता आणि ते लांबच लांब पांढरं कापड त्याच्या मागे फरशीवर लोळत येत होतं. धाकटीच्या झग्यामागे लोळणाऱ्या झालरीसारखं. सगळं चर्च गप्प झालं. आईने माझा दंड धरला. तिची नखं रुतली.

तो वर गेला, छोट्या दारातून आत शिरला. मोटर सुरू झाली, सूर पुन्हा उठला आणि मध्येच कापल्यासारखा तुटला. मामा दारातून बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक हातभर लांबीची बारीक नळी होती आणि मनगटाला अजून बँडेजचा शेवटचा वेढा लोंबत होता. तो कठड्याशी क्षणभर उभा राहिला. खाली सगळी तोंडं वर झालेली. भिंतीवर कोरलेल्या फादरांसारखी, उघडी.

लग्न लागलं. बाईंनी तुकडा वाजवला, मध्ये एका सुराच्या जागी पडलेल्या दातासारखी फट होती.

अंगणात फोटो काढायची गडबड चालली होती. मामा भिंतीकडे तोंड करून उभा होता. नवऱ्याची आत्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "हात तर चांगलाच दिसतोय हो. मोठ्या कलावंतांना आमच्यासारख्यांच्या लग्नात वाजवणं कमीपणाचं वाटत असेल."

म्हणजे हे असं झालं होतं. मामा लबाडीत सापडला होता, पण भलत्याच. लोकांना वाटलं, हा वाजवू शकतो आणि वाजवलं नाही.

आई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "मी तुला भरवलं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "लहान पोराला भरवावं तसं भरवलं. वाजवायचं नव्हतं तर सरळ सांगायचंस."

धाकटी मागून आली. "मामा, माझ्यावर राग होता का? की त्यांचं घर आवडलं नाही तुम्हाला?"

"नाही ग," मामा म्हणाला. "नाही ग, बाळा." मग भिंतीकडे बघतच तो म्हणाला, "ताई, मला वाजवता येत नाही. कधीच येत नव्हतं."

"अजून खोटं बोलतोस?" आता मात्र आईचा आवाज चढला. "घरात फोटो आहे माझ्या! एवढी वर्षं घड्याळाखाली!"

"तो मेस्त्रीने काढलाय. मी नुसता बसलो होतो."

"आणि मागे लिहिलंस ते?"

"कामावर. ते खरंच होतं, ताई. तेच माझं काम."

आईला पटेना. तीही आता अडून बसली, त्या नळीसारखी. तिने त्याचा तोच हात धरला, चांगला दाबून धरला, आणि त्याला ओढत चर्चमध्ये नेलं, जिन्याने वर नेलं. मागोमाग धाकटी, झालर गोळा करून. तिच्यामागे मी आणि मामी. बाई निघायच्या तयारीत होत्या. आमच्याकडे बघून त्यांनी मोटर सुरू केली आणि मुकाट्याने बाजूला झाल्या.

"बस," आई म्हणाली. "येत नाही ना? दाखव मला, कसं येत नाही."

मामा बसला. फोटोतल्या जागी. त्याने एक बोट उचललं आणि सगळ्यात खालची पट्टी दाबली. गॅलरीची फळी पायाखाली थरथरली. त्याने ती धरून ठेवली, पुष्कळ वेळ, मग सोडली आणि शेजारची दाबली. मग तिच्या शेजारची. असं एकेक करत वर. धाकटीला आधी हसू आलं, आईने तिच्याकडे बघताच ते विझलं. मामा कुणाकडेच बघत नव्हता. काढलेल्या नळीच्या जागी आला तेव्हा नुसती हवा गेली, फुस्स. तीही पट्टी त्याने इतरांइतकाच वेळ धरली. मग पुढची. शेवटच्यापर्यंत.

"एवढंच?" आईने विचारलं.

"एवढंच."

आई बराच वेळ पट्ट्यांकडे बघत राहिली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. गावातल्या ज्या ज्या माणसाला तिने तो फोटो दाखवला होता, तो बहुधा एकेक करून तिच्या डोळ्यांपुढून जात होता. संगीताचे मास्तरसुद्धा.

"आणि ती? मधली, न वाजलेली?"

"तिची नळी मी काढून ठेवलीय. झडपेत कचरा अडकलाय."

"मग बसव की परत. अशी तोंडातला दात पाडल्यासारखी ठेवणार?"

"एकट्याला नाही जमत. मी आत गेलो की इथं कुणीतरी पट्टी धरायला लागतं."

आईने पर्स धाकटीकडे दिली. "सरक," ती म्हणाली आणि बाकावर बसली. पाठ ताठ. "कुठली?"

मामाने तिचं बोट धरून त्या पट्टीवर ठेवलं, नळी उचलली आणि छोट्या दारातून आत गेला.

"दाब," आतून आवाज आला. आईने दाबली. हवा. "सोड." सोडली. आत खरवडल्याचा, फुंकल्याचा आवाज. "दाब." या वेळी सूर आला. तोच, उंच, नाकातला. "सोड." तो लगेच थांबला. "दाब. आता धरून ठेव."

आईने धरून ठेवला. सूर सरळ लागला, थोडा हलला, मग स्थिर झाला. अगदी बरोबर झालेला आम्हालाही कळला. तरी मामा बाहेर येईना. आत काहीच हालचाल नव्हती. बाई जिन्याच्या कठड्याला धरून खाली उतरल्या. मामी दाराजवळ गेली, आत वाकून बघितलं, आपला रुमाल आत सरकवला आणि परत येऊन उभी राहिली.

"ताई," बऱ्याच वेळाने नळ्यांच्या मागून मामाचा आवाज आला, "झालं. सोड आता."

"तू बाहेर ये आधी," आई म्हणाली.

"येतो. तू सोड."

"बाहेर ये."

आईने बोट काढलं नाही.